कंडेन्सरचा डबा

२ फेब्रुवारी, सोमवार

बॅटरीच्या कंपनीने नेहमीप्रमाणे डायरी पाठवली. दरवर्षी मी ती कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली घालतो. यंदा मुलगी म्हणाली, "बाबा, दिवसभर जे ओरडून बोलता ना, ते यात लिहा. लिहिण्याचा आवाज होत नाही." मी ओरडतो हा आमच्या घरातला नवा शोध आहे. पस्तीस वर्षं गाड्यांची वायरिंग करणारा माणूस कुजबुजेल कसा? त्याच्या उशाशी सतत इंजिन चालू असतं.

लिहायचंच आहे तर साडूपासून सुरुवात करतो.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रस्ता ओलांडला की समोर त्याचं दुकान. गाडीत गाणी वाजवायची यंत्रं विकतो. पुढे काच, आत गालिचा, मागे चार गाड्या मावतील एवढं अंगण. आज त्याने काचेत नवा माल मांडला. हातभर लांब, चकचकीत नळकांडं, डोक्यावर निळे आकडे लुकलुकतात. नाव कपॅसिटर. आम्ही त्याला कंडेन्सर म्हणायचो आणि तो अंगठ्याएवढा असायचा. खाली पाटी: "ठोक्यागणिक दिवे मंद होतात? आता विसरा."

दिवे मंद होतात हे खरं आहे. गाडीत गाण्याचे ठोके दणकवणारा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, बसवला की प्रत्येक ठोक्याला समोरचे दिवे डोळे मिचकावतात. कारण गाडीची सगळी वीज बनवतो अल्टरनेटर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून, आणि कंपनीच्या बारीक वायरीतून एवढी वीज एकदम पोचत नाही. नळकांडं वीज बनवत नाही. अल्टरनेटरकडूनच घेतं, एका ठोक्यापुरती साठवतं, आणि पुढच्या ठोक्याला स्वतःच भुकेलं होतं. दोघांच्या स्वयंपाकाला तिसरा जेवायला बसवायचा आणि म्हणायचं, बघा अन्न वाढलं. पण निळे आकडे लुकलुकतात ना, मग लोक विकत घेतात.

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हिने बातमी दिली. दोनदा द्यावी लागली, कारण नवी कवळी बसवल्यापासून हिचं बोलणं धड समजत नाही. सगळे शब्द शेवटाला झिजल्यासारखे येतात. दाताच्या डॉक्टरने माप चुकवलं आहे, मी तेव्हाच म्हटलं होतं.

बातमी अशी: साडू वर्कशॉप वाढवतोय आणि त्याची सगळी जबाबदारी त्याला आमच्या मुलीला द्यायची आहे. तिने महिनाअखेरपर्यंत सांगायचं आहे. मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, दोन वर्षं माझ्या हाताखाली काम केलं. मीटर धरायला मी शिकवलं, वायर सोलायला मी शिकवलं. आता तिने गालिच्यावर उभं राहून नळकांडी विकायची.

मी म्हटलं, तिला जायचं असेल तर जाऊ दे. ही काहीतरी म्हणाली, ते कवळीत अडकलं.

खरं लिहायचं तर मला ती जायला नको आहे. तिच्याशिवाय दुकानाचं शटरसुद्धा उघडावंसं वाटणार नाही. पण मी विचारणार नाही. विचारलं तर विनवणी केल्यासारखं होईल, आणि साडूच्या दारात जाणाऱ्या माणसाला विनवणी मी करणार नाही, ती माझी मुलगी असली तरी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन अल्टरनेटर खोलले. दुपारी एक बेंचवर फिरवून बघत होतो तेव्हा मुलगी मागे येऊन काहीतरी म्हणाली. मी हो हो म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आनंदात निघून गेली. सुट्टी हवी असणार. द्यायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दाताचा डॉक्टर आला. हाच तो, कवळीवाला. मोठी गाडी, मागे मोठा वूफर, आणि आता साडूकडून नळकांडंही बसवून घेतलेलं. दिवे अजून मिचकावतात अशी तक्रार. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ज्याने आकडे विकले त्यालाच विचारा. तर म्हणाला, ते जाऊ द्या, पण तुम्ही अल्टरनेटर नवा करून दिलात तेव्हापासून स्पीकरमधून बारीक शीळ येते. इंजिन वाढवलं की शीळ चढते.

मी गाडी चालू केली, इंजिन वाढवलं, स्पीकरला कान लावला. काही नाही. मीटर लावलं, चौदा पूर्णांक एक व्होल्ट, देवळातल्या समईसारखं स्थिर. त्याला म्हटलं, तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात दात कोरायचं यंत्र फिरवता, ते तुमच्या डोक्यात बसलंय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मुलीकडे बघितलं. ती गाडीबरोबर फाटकापर्यंत गेली, त्याची समजूत घालत असावी. पोरगी गिऱ्हाईक सांभाळते, हे मान्य करायला हवं.

शिळेची तक्रार गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी केली आहे. एकाला झाली की दुसऱ्याला होते. साडू एकेकाच्या कानात भरवत असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या फळीवर रंगाचा एक रिकामा डबा आहे. त्यात कंडेन्सर आहेत. पूर्वी प्रत्येक अल्टरनेटरच्या पाठीला अंगठ्याएवढा कंडेन्सर स्क्रूने बसवलेला असायचा. सात वर्षांपूर्वी एक आतून शॉर्ट झाला आणि एका गाडीची अख्खी वायरिंग जळाली. त्या दिवसापासून जो अल्टरनेटर माझ्या बेंचवर येतो त्याचा कंडेन्सर मी काढून डब्यात टाकतो. गाडी त्याच्याशिवाय तितकीच चालते, दिवे तितकेच लागतात, बॅटरी तितकीच भरते. म्हणजे तो निरुपयोगी. मोठा निरुपयोगी साडू विकतो, छोटा निरुपयोगी मी फेकतो, एवढाच आमच्यात फरक.

आज डबा खाली घेतला तर हलका लागला. काठोकाठ भरलेला होता, आता अर्धा. मुलीला विचारलं. तिने मान वळवून काहीतरी उत्तर दिलं. कोणी भंगारात दिले असतील तर बरंच झालं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोळ्यांनी पाहिलं. मुलगी दुपारी रस्ता ओलांडून साडूच्या मागच्या अंगणात गेली. तिथे बँकेतल्या बाईंची गाडी उभी होती. बँकेतल्या बाई माझ्या गिऱ्हाईक, बारा वर्षांच्या, शीळ-मंडळाच्या सभासद. बॉनेट उघडं, मुलगी आत वाकलेली, आणि साडू शेजारी टॉर्च धरून उभा, जणू लग्नात करवला. अर्ध्या तासाने बाई हसत निघून गेल्या. मला हातही केला.

म्हणजे उत्तर देऊन झालं आहे. महिनाअखेरची वाटही पाहिली नाही. शिवाय माझी गिऱ्हाइकं सोबत घेऊन चालली आहे. मी मान खाली घालून जेवलो. ही दोनदा म्हणाली, काय झालं. दोन्ही वेळा ऐकू आलं, पण उत्तर दिलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज साडूच्या दुकानात गेलो, गालिच्यावर, बूट न काढता. चार गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. त्याला म्हटलं, साडूभाऊ, तुमचं नळकांडं कवडीचं काम करत नाही, आणि हे मी चारचौघांत सिद्ध करून दाखवतो. एक तारखेला, रविवारी, तुमच्याच अंगणात. गाडी डॉक्टरची. आधी नळकांड्याशिवाय, मग नळकांड्यासकट, मग माझ्या पद्धतीने. मीटर माझं, गाणं तुमचं. हरलात तर पाटी उतरवायची.

तो हसला. त्याचं हसणं नेहमी दुकान उघडल्यासारखं असतं. म्हणाला, "चालेल की. तुम्ही म्हणाल तसं." मग हळू आवाजात, जवळ येऊन, "मुलीचं तर तुम्हाला कळलंच असेल."

किती उलटं काळीज असेल. मुलगी घेतली ती घेतली, वर तोंडावर मिरवायचं. मी म्हटलं, कळलं, आणि बाहेर पडलो.

पण आता मला माझा बेत पक्का दिसतो. मुलगी हुशार आहे. आकडे तिच्या डोळ्यांसमोर ठेवले की तिला समजेल आपण कुणाकडे चाललो आहोत. मला तोंड उघडावंच लागणार नाही. मीटर बोलेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर तयारी. बोटाएवढी जाड केबल आणली, दोन्ही टोकांना पितळी टर्मिनल बसवले. मुलीने मदत केली. विचारलंही नव्हतं, स्वतःहून सगळी टोकं डाख देऊन पक्की केली. जिला जायचं आहे ती इतक्या मन लावून काम का करते, हे मला समजत नाही. जाता जाता उपकार फेडत असेल.

काम करताना ती एकदा म्हणाली, "बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या का?" मी विचारलं, का, तुझा कान दुखतोय? ती खाली बघून डाख देत राहिली.

हल्लीच्या गाड्यांचं सामान किती टाकाऊ झालंय. आज आलेल्या तिन्ही गाड्यांच्या इंडिकेटरची टिकटिक येत नव्हती. दिवा लागतो, विझतो, पण आवाज नाही. आमच्या वेळेला टिकटिक शेजारच्या गाडीत ऐकू जायची.

१ मार्च, रविवार

जिंकलो. तेरा पूर्णांक चार. जेवलो नाही.

२ मार्च, सोमवार

काल लिहवलं नाही. आज दुकान उघडलं नाही, म्हणून सगळं नीट लिहितो.

साडूच्या अंगणात वीसेक माणसं होती. डॉक्टर, बँकेतल्या बाई, शेजारचा पंक्चरवाला, साडूची गिऱ्हाइकं. डॉक्टरच्या गाडीचे दिवे भिंतीकडे तोंड करून लावले. पहिली फेरी नळकांड्याशिवाय. ठोका पडला की मीटर चौदावरून बारा पूर्णांक एक, आणि भिंतीवरचा उजेड लटपटला. दुसरी फेरी नळकांडं जोडून. पहिला ठोका जरा सावरला, त्याचा मान ठेवतो. तिसऱ्या ठोक्यापासून पुन्हा बारा पूर्णांक एक, पुन्हा तोच लटपटणारा उजेड. नळकांड्याच्या डोक्यावर निळ्या अक्षरांत तेच बारा पूर्णांक एक. मी म्हटलं, साडूभाऊ, हे मीटर म्हणून विका, मीटर चांगलं आहे. लोक हसले. साडूही हसला, त्याला हसण्यावाचून इलाज नव्हता.

तिसरी फेरी माझी. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड केबल, आणि अर्थिंगच्या जागेचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला. नळकांडं काढून बाजूला ठेवलं. ठोका पडला, तेरा पूर्णांक चार. भिंतीवरचा उजेड थोडाही हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूने स्वतः आत जाऊन पाटी उतरवली आणि माझ्या हातात दिली. माझी छाती फुगली, हे लपवत नाही. मी मुलीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती, पण डोळे ओले होते.

मग डॉक्टरने गाणं बंद केलं आणि म्हणाला, "आणि शीळ?"

इंजिन चालू होतं. त्याने ते जरा वाढवलं. अंगणातल्या सगळ्यांनी एकाच वेळी तोंडं वाकडी केली. बँकेतल्या बाईंनी तर कानावर हात ठेवला. वीस माणसं, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, आणि मधे मी, हातात पाटी, हसरा चेहरा. मी म्हटलं, कसली शीळ?

मुलगी बॉनेटपाशी गेली. खिशातून अंगठ्याएवढी वस्तू काढली. माझ्या डब्यातला कंडेन्सर, मी लगेच ओळखला. तिने मला जवळ बोलावलं. जवळ फक्त साडू आणि डॉक्टर होते. ती म्हणाली, "बाबा, हा मी आत्ता अल्टरनेटरला लावते. शीळ थांबली की सांगा." आणि वाकली.

मी वाट बघितली. ती सरळ झाली. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. एवढा वेळ म्हणजे काम झालं असणार, असा मी हिशेब केला. म्हटलं, "थांबली. केव्हाचीच."

तिने मूठ उघडली. कंडेन्सर हातातच होता. वायर हवेत लोंबत होती. इंजिन चालू होतं.

आणि साडू, ज्याला मी पाच मिनिटांपूर्वी वीस माणसांत उघडं पाडलं होतं, तो मोठ्याने म्हणाला, "थांबली हो. मलाही नाही येत आता. डॉक्टर, करा बंद." आणि हात घालून त्याने इंजिन बंद केलं. तो खोटं बोलला, आणि ते मला वाचवायला बोलला. त्याची पाटी माझ्या हातात होती. मला ती कुठे ठेवावी कळेना.

३ मार्च, मंगळवार

सकाळी मुलीला विचारलं, किती जण? म्हणाली, अकरा. सात वर्षांत ज्यांचे ज्यांचे कंडेन्सर मी काढले, त्यांतल्या अकरा जणांच्या गाडीत शीळ घुमायला लागली. मोठं नळकांडं ती थांबवत नाही. अंगठ्याएवढा कंडेन्सर थांबवतो, तो त्यासाठीच तिथे असतो. मी तक्रारी उडवून लावल्या, तर ती त्या लोकांना साडूच्या अंगणात बोलवायची आणि माझ्याच डब्यातला कंडेन्सर पुन्हा बसवून द्यायची. माझ्या दुकानात कंडेन्सर लावलेला मला चालला नसता. लोकांना सांगायची, बाबांनी पाठवलंय. साडूने जागा दिली आणि तोंड बंद ठेवलं. डॉक्टरची गाडी तेवढी राहिली होती.

सात वर्षं मी गाडीगाडीत एक आवाज सोडत गेलो, आणि ज्यांना तो ऐकू आला त्यांना मूर्ख ठरवत गेलो. असा कारागीर दुसऱ्याच्या दुकानात असता तर मी या डायरीत त्याची सालटी काढली असती. माझीच काढतो आहे.

मग म्हटलं, जा तू साडूकडे. तुझं तिथे बरं होईल. मी अडवणार नाही.

ती माझ्याकडे असं बघत राहिली की मला वाटलं पुन्हा माझं काही ऐकायचं राहिलं. म्हणाली, "कुठे जाऊ? काकांना मी नाही म्हणून कळवलं, पाच तारखेलाच. तुम्हाला येऊन सांगितलं होतं. अल्टरनेटर फिरवत होतात तुम्ही. मी म्हटलं, बाबा, मी इथेच राहणार, तुमच्याकडे. तुम्ही हो हो म्हणालात."

मी पाच तारखेचं पान उघडून पाहिलं. तिथे लिहिलं आहे, सुट्टी हवी असणार.

७ मार्च, शनिवार

कानाच्या डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. मी बसून होतो. बराच वेळ बसून होतो. मग तो आत येऊन म्हणाला, झालं. बारीक आवाज गेलेच आहेत, ते परत यायचे नाहीत, बाकीच्यांसाठी यंत्र मिळेल. घरी आल्यावर हिला म्हटलं, तुझी कवळी उत्तम बसली आहे. ती काय म्हणाली ते या वेळी पूर्ण समजलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलीने दुकानात एक नवं मीटर आणलं. छोटा पडदा, त्यावर विजेची रेघ दिसते. शीळ असली की रेघ करवतीच्या दात्यांसारखी होते. वर निळे आकडे लुकलुकतात. साडूच्या काचेत मांडलं असतं तर मी त्याला खेळणं म्हटलं असतं. आज दाताच्या डॉक्टरची गाडी पुन्हा आली. मी स्वतः कंडेन्सर तपासून घेतला, शॉर्ट नाही ना पाहिलं, आणि अल्टरनेटरला बसवला. पडद्यावरचे दाते सपाट झाले. माझ्या कानाला आधीही काही नव्हतं, नंतरही नव्हतं. डॉक्टरच्या कपाळावरची आठी गेली, ती मात्र दिसली.

साडूला पाटी परत नेऊन दिली. पाटी खोटीच आहे, तेही सांगितलं. तो म्हणाला चहा घ्या. घेतला, बूट काढून.

दुपारी सगळी इंजिनं बंद केली. मुलीला म्हटलं, इकडे ये, समोर उभी राहा आणि त्या दिवशी काय म्हणाली होतीस ते पुन्हा सांग.

"आता कशाला, बाबा?"

"सांग."

तिने हात पुसले, समोर उभी राहिली आणि सांगितलं. बरेचसे शब्द ऐकू आले, राहिलेले तिच्या ओठांवरून घेतले. मग मी हो म्हटलं, एकदाच.